बर्फासाठी चार चाकं

उस्मानपुऱ्यात माझं टायरचं दुकान आहे. आता ते मुलगा सलीम चालवतो. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो आणि तो गिऱ्हाइकाशी बोलत असताना मध्येच तोंड घालतो. त्याला ते आवडत नाही. पण उभी हयात रबराच्या वासात गेल्यावर घरी बसून छताकडं बघणं मला जमत नाही.

बाहेरच्या माणसाला टायर म्हणजे काळा, गोल आणि सगळा सारखाच. खरं तर गाडी केवढीही असो, एका टायरचा फक्त तळहाताएवढा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. असे चार तळहात. त्यांच्यावर नवरा-बायको, पोरं, म्हातारी आई, लग्नाचा आहेर असं सगळं भरधाव चाललेलं असतं. हे ज्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं, त्या दिवसापासून माझी झोप पातळ झाली. दुकानातून गाडी बाहेर पडली की ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहतो. माझी बायको रेहाना म्हणते, "तुम्ही टायर विकता की गाडीतल्या माणसांना दत्तक घेता?"

आमच्या भागातली काळजी उन्हाची. वाळूजच्या कामगारांच्या बसगाड्या, मका आणि कापूस वाहणारे टेम्पो, सगळे एप्रिल-मेमध्ये तव्यावर चालल्यासारखे चालतात. हवा कमी असलेला टायर आतल्या आत भाजतो आणि भर रस्त्यात फुटतो. कोणत्या गाडीला किती हवा, कोणता टायर अजून एक उन्हाळा काढील आणि कोणता नाही, हे मला हात फिरवून कळतं. शौकीन मंडळींची तऱ्हा वेगळी. सिडकोतल्या एका पोराला रुंद, चपटे टायर आणि गाडीला न शोभणारी थोराड मॅग व्हील, म्हणजे मिश्रधातूची चकचकीत चाकं, हवी होती. मी म्हणालो, "बाबा रे, रस्ते बघ." तो म्हणाला, "चाचा, लुक बघा." जळगाव रोडवरच्या एका खड्ड्यानं तो लुक पापडासारखा मोडला. तडकलेलं चाक घेऊन तो हसत आला, मीही हसलो. ते हसण्यावारी गेलं.

हसण्यावारी न गेलेली गोष्ट बर्फाची आहे. आमच्या गावात बर्फ उसाच्या रसात टाकतात, एवढीच त्याची माझी ओळख.

दिवाळी तोंडावर आली होती. सिल्लोडचे अण्णा काकडे त्यांच्या मुलीला घेऊन दुकानात आले. अण्णांची सिल्लोडला शेती आणि कापसाची जिनिंग. त्यांच्या ट्रकांचे टायर वर्षानुवर्षं माझ्याकडचेच. मुलगी अश्विनी डॉक्टर. फ्रॉक घालून ट्रकच्या टायरमध्ये बसायची तेव्हापासून मी तिला बघतोय. ती गाडीतून उतरली आणि थेट म्हणाली, "चाचा, मला हिवाळी टायर पाहिजेत. बर्फातले."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण अण्णांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

हिमाचलमधल्या एका उंच खोऱ्यात छोटा दवाखाना होता. तिथं हिवाळाभर डॉक्टर टिकत नाहीत. अश्विनीनं तिथली नोकरी घेतली होती. खोऱ्यातल्या गावांना जाऊन पेशंट बघायचे, आणि दवाखान्याची जीप वर्षातून निम्मे दिवस बंद. म्हणून ती स्वतःची गाडी नेणार होती. दिवाळी झाली की निघायचं ठरलं होतं. तिच्याबरोबर नोकरीला लागलेली एक मैत्रीणही सोबत जाणार होती.

"तुम्ही विचार करून सांगा," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येते, पण टायरमधलं काय कळत नाय."

मलाही या टायरमधलं काही कळत नव्हतं. पण तिच्यासमोर मी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडता उघडता अण्णा एकटेच आले. चहा नको म्हणाले. खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मुश्ताकभाई, एक काम करा. तिला सांगा, या गाडीला तसले टायर मिळतच नाय. तुमचं ती ऐकल."

"अन् अण्णा, मिळत असले तर?"

"मिळत असले तरी. माझा धाकटा भाऊ अजिंठ्याच्या घाटात कसा गेला, तुम्हाला म्हाईत हाय."

माहीत होतं. दुसरीकडून घेतलेला जुना टायर घाटात फुटला होता. त्या दिवसापासून अण्णा स्वतः गाडी चालवत नव्हते. मागच्या सीटवर बसूनही समोरची सीट घट्ट धरून ठेवायचे. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. माझ्या जिभेवर होकार आलाही होता. खरं सांगायचं तर त्या होकारानं माझीच सुटका होणार होती. जी वस्तू मी कधी वापरली नाही, ती दुसऱ्याच्या पोरीच्या गाडीला लावायची जोखीम टळली असती.

पण एक गोष्ट आडवी आली.

"अण्णा," मी म्हणालो, "मी नाय म्हणालो अन् ती हेच उन्हाळी टायर घालून गेली तर?"

अण्णा खुर्चीवरून उठले. आपल्या पोरीला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखत होते.

उभ्या उभ्याच म्हणाले, "मग निदान घाबरवा तिला. लई घाबरवा."

"जेवढं खरं असंल तेवढं सांगतो," मी म्हणालो.

जम्मूला बलबीरजी म्हणून एक टायरवाले आहेत. फार पूर्वी एका टायर कंपनीच्या मेळाव्यात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. त्यांना फोन लावला. त्या आठवड्यात मी त्यांना इतके फोन केले की शेवटी ते फोन उचलताच "बोलो, अब कौन सा डर?" असं विचारू लागले.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते असं. आपलं नेहमीचं रबर उन्हासाठी कडक बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते आणखी कडक होतं आणि रस्त्यावरून लाकडासारखं घसरतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या अंगावर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र असेल तरच तो खरा हिवाळी. नुसती इंग्रजी अक्षरं छापलेली असली तर भुलायचं नाही. आणि चारही चाकांना तेच टायर घालायचे. पुढचे दोन बदलून मागचे जुने ठेवले, तर वळणावर गाडीची मागची बाजू झाडू मारल्यासारखी बाहेर फिरते.

"और चौड़ा मत देना," बलबीरजींनी बजावलं. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो. म्हणून चाक एक आकडा, म्हणजे एक इंच, लहान आणि टायरची बाजू उंच.

इथं चाकांचा प्रश्न आला. अश्विनीच्या गाडीला मोठी मॅग व्हील होती. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलला एक आकडा लहान लोखंडी चाकं येतात. लोखंडी चाक दिसायला गरीब, पण खड्ड्यात आपटलं तर ठोकून सरळ करता येतं. मॅग व्हील तडकतं. हे मऊ टायर इथल्या तापलेल्या रस्त्यावर घालून नेले असते, तर पंजाब येईपर्यंत निम्मे झिजले असते. म्हणून वेगळ्या लोखंडी चाकांवर चढवून ते गाडीत भरून न्यायचे आणि डोंगर सुरू झाला की बदलायचे, असं ठरलं.

कागदावर सगळं बसलं. माझ्या मनात मात्र ब्रेक बसत नव्हते. वरच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असतात. लहान चाक आतून ब्रेकला घासलं तर? मी ओळखीच्या गॅरेजमधून तसलं एक चाक मागून आणलं. नातवाच्या खेळण्यातली रंगीत माती घेतली. तिच्या गोळ्या ब्रेकवर चिकटवल्या, चाक चढवलं आणि हातानं हळूहळू फिरवलं. चाक काढून बघितलं तर गोळ्या दबल्या होत्या, पण बोटाएवढी जाडी शिल्लक होती. सलीम म्हणाला, "अब्बा, झालं ना आता?" मी दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. मग पुन्हा पहिल्या बाजूला.

जम्मूहून टायर आले तेव्हा दिवाळीची गर्दी सुरू झाली होती. मी गोणपाट फाडलं आणि आधी टायरच्या अंगावरचे आकडे शोधले. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते त्यावर लिहिलेलं असतं. दोन नवे होते. दोन मात्र गोदामात म्हातारे झालेले. नख रोवलं तर रुतेना. दिसायला चारही सारखेच, चित्रासकट. मी बलबीरजींना फोन करून ओरडलो. ते बिचारे स्वतःच ओशाळले. त्यांच्या गोदामात गफलत झाली होती. नवी जोडी लगेच पाठवतो म्हणाले. पण ती येईपर्यंत निघायचा दिवस तोंडावर आला. अश्विनी रोज विचारायची, "आले का, चाचा?" अण्णा काहीच विचारायचे नाहीत. त्यांचं न विचारणं मला जास्त जड जायचं.

जोडी आली. रविवारी मी अश्विनीला दुकानामागच्या मोकळ्या जागेत बोलावलं. अण्णाही आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आमच्याकडं पाठ करून बसले.

मी तिला चाक बदलायला लावलं. जॅक कुठं लावायचा, नट आधी जमिनीवर असतानाच कसे सैल करायचे, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं कसे आवळायचे, सगळं करून घेतलं. ती पान्यावर उभी राहून उड्या मारायला लागली.

"नाचू नको," मी म्हणालो. "जास्त आवळलं तर आटे जातात. हातानं ताकद लाव अन् शेवटी हा ताकद मोजणारा पाना लाव. टक् वाजलं की थांब. अन् थोडं अंतर गेल्यावर पुन्हा सगळे नट तपास. नवीन लोखंडी चाक बसताना जरासं दबतं, नट ढिले पडतात."

"पुन्हा तपासते. नक्की."

मग मी तिला समोर बसवलं. अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"आता जे टायर करत नाही ते ऐक. ताज्या बर्फावर हे धरतील. दाबलेल्या बर्फावर बऱ्यापैकी धरतील. पण पाणी गोठून रस्त्यावर काच तयार झाली असली, तर जगातला कोणता टायर तुझा नाही. उतारावर तर नाहीच. बर्फात पकड यावी म्हणून साखळ्या देतोय, त्या पुढच्या चाकांना बांधायच्या. त्यांचाही भरवसा मर्यादित. शंका आली तर वरच थांब, उतर, आधी पायी चालून बघ. तुझा पाय घसरला तर गाडी घसरणारच. नवीन टायर आहेत म्हणून छाती फुगवू नको. चांगला टायर माणसाला बेफिकीर करतो, मी लई बघितलेत तसले."

ती हसली नाही. म्हणाली, "चाचा, तुम्ही बर्फात गाडी चालवलीय?"

"नाय. मी पडलेला बर्फच बघितला नाय. म्हणून तर मला भीती वाटतीय."

अण्णांची खुर्ची करकरली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

ती गेली. डोंगराच्या पायथ्याशी एका पेट्रोल पंपावर दोघी मैत्रिणींनी मिळून चाकं बदलली. तिचा फोन आला, "चाचा, बसली. एकही नट उरला नाय." पुढच्या गावाहून पुन्हा फोन, "तपासले. एक जरा ढिला निघाला होता." त्या एका ढिल्या नटापायी मी संध्याकाळचं जेवण अर्धं टाकून उठलो. मग मधूनमधून बातम्या यायच्या. पहिला बर्फ पडला, गाडी चालली. एका बाळंतिणीला आणलं, गाडी चालली. अण्णांना ती रोज फोन करायची. अण्णा मला सांगायचे नाहीत, पण त्यांच्या ट्रकवाल्यांकडून मला कळायचं.

जानेवारीत फोन बंद झाले.

टीव्हीवर बर्फाच्या बातम्या यायला लागल्या. त्यात पर्यटक गोळे करून एकमेकांना मारत होते, आणि खाली पट्टीवर लिहून यायचं की अमुक रस्ते बंद, तमुक खोऱ्याचा संपर्क तुटला. ते खोरं अश्विनीचंच होतं. दवाखान्याचा फोन लागत नव्हता, तिच्या मैत्रिणीचाही नाही.

दुसऱ्याच दिवशी दुकानासमोर अण्णांची गाडी उभी राहिली. ते उतरले, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले आणि दुकानाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता येऊन माझी गचांडी धरतील. धरली असती तरी मी काही बोललो नसतो. मीच रस्ता ओलांडून गेलो.

"आत चला, अण्णा."

"घरी बसवत नाय," ते म्हणाले. "घरी अश्विनीची आई रडती. तिच्यापुढं मला रडता येत नाय."

मग ते रोज येऊ लागले. सकाळी यायचे, माझ्या शेजारी बसायचे, फोन हातात. गिऱ्हाईक येत होतं, पंक्चर निघत होते, हवा भरण्याच्या मशीनचा फसफस आवाज चालू होता. मी मनातल्या मनात ते चाक पुन्हा पुन्हा फिरवत होतो. मातीची गोळी खरंच बोटाएवढी उरली होती की मला तसं बघायचं होतं? तो ढिला नट पुन्हा ढिला झाला असेल का? एकदा न राहवून मी उठलो आणि तेच साधं चाक पुन्हा मागवायला सलीमला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "अब्बा, आता तपासून काय होणार?"

बलबीरजींना फोन लावला. ते म्हणाले, "पहले बिजली जाती है, फिर टावर. हर साल होता है. तसल्ली रखो." मी अण्णांना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. तसल्ली दोघांनाही मिळाली नाही.

मग एका दुपारी अण्णांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. अण्णांनी पडद्याकडं बघितलं आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"हॅलो, अण्णा?" अश्विनीचाच आवाज.

"बेटा, मी मुश्ताक. अण्णा शेजारीच हायेत. बोल."

मी स्पीकर लावला. सलीमनं मशीन बंद केलं.

तिनं सांगितलं ते असं. मैत्रीण दवाखान्यात थांबली होती; अश्विनी आणि तिथलीच एक नर्स एका गावाला पेशंट बघून परत येत होत्या. वाटेत एक लांब उतार. वर पोचल्यावर तिला रस्ता चमकताना दिसला.

"चाचा, मी उतरून चालून बघितलं. पहिल्याच पावलाला सपशेल आपटले. तरी नर्स म्हणत होती, रोज लोक जातात. एवढे भारी टायर हायेत, साखळ्या हायेत, जाऊ हळूहळू. मलाबी वाटलं जावं. पण मला लई भ्या वाटलं. तुम्हीच म्हणाला होता ना, काच असली तर टायर आपला नाय. मी गाडी डोंगराच्या अंगाला लावली अन् आम्ही मागच्या गावात चालत गेलो."

त्या रात्रीच वरून बर्फाचा कडा सुटला आणि तो उतार पुरता गाडला गेला. गावात दोघी एका घरात राहिल्या. त्या घरातली सगळी माणसं एका शेगडीभोवती झोपत होती, त्यांत या दोघी. गाडी टपापर्यंत बर्फात होती. आता लष्कराच्या माणसांनी दोघींना आपल्या फोनवरून बोलू दिलं होतं.

"गाडीला काय झालं नाय बहुतेक," ती म्हणाली. "दिसतच नाय म्हणा."

मी फोन अण्णांच्या तोंडाजवळ धरला. एवढे दिवस माणूस काय काय बोलायचं ठरवत बसला असेल. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, खायला काय देतेत तिथं?"

"बटाटे, अण्णा. नुसते बटाटे."

अण्णा हसले आणि हसता हसता त्यांना हुंदका फुटला. एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते हळूच मागं सरकलं. सलीमनं त्याला बाहेर बसायला स्टूल दिलं.

फोन संपल्यावर मी बराच वेळ हात धूत होतो. त्या टायरांनी तिला वाचवलं असं मला म्हणता येत नाही. त्या उतारावर ते निकामीच ठरले असते. हे कुणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही, पण अण्णांना ते कळलं होतं. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरवली ते बरं केलं."

उन्हाळ्यात अश्विनी आली. चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले, पण तब्येत ठणठणीत. गाडीला उन्हाळी टायर होते आणि मागं ती चार लोखंडी चाकं, गंजाचे डाग पडलेली. अण्णा बरोबर होते. पुढच्या सीटवर बसून आले होते.

"चाचा, त्यांनी अजून एक हिवाळा थांबायला सांगितलंय," ती म्हणाली. "बघा बरं, हेच चालतील का?"

तिनं हे घरी आधी सांगितलं होतं की दुकानातच पहिल्यांदा बोलली, मला कळेना. अण्णा उन्हात उभे होते. मी चाकं एकेक करून आडवी केली. नक्षीची खोली मोजली, नख रोवून बघितलं, चिरा बघितल्या. तीन चांगली होती. चौथ्याच्या बाजूवर, आतल्या अंगाला, लिंबाएवढा फुगवटा होता. आतले धागे तुटले की तसं होतं. तो टायर कधीही फुटला असता.

मी फुगवट्यावर बोट ठेवून थांबलो. आता खोटं बोलायची कुणालाच गरज नव्हती. अण्णांना हवं असलेलं कारण आयतं माझ्या बोटाखाली होतं.

"हा गेला," मी म्हणालो. "अन् एक बदलायचा तर त्याच्या जोडीचाबी बदलावा लागतो. दोन नवे लागतील. इथं कुठं मिळायचे नाहीत."

अश्विनी अण्णांकडं बघत होती. अण्णा वाकले. त्यांनी स्वतः त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला, जरा दाबून बघितला. मग गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"मग बसलात काय, मुश्ताकभाई," ते म्हणाले, "जम्मूला फोन लावा."